दिंडी, भिशी आणि तालुक्याचा क्लब



शताब्दीच्या या स्मरणिकेसाठी ‘दिंडीचे समाजकार्य’ या विषयावर चार पानं लिहा, असं विश्वस्त मंडळींनी आम्हाला सांगितलं. आता समाजकार्य हा शब्द आपल्या थोरल्या माणसांच्या तोंडी कधी नव्हता. ते सेवा म्हणत, आणि केलेल्या सेवेची वाच्यता करणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यामुळे लेखी कागद फार थोडा. शेवटी आम्ही दिंडीच्या जमाखर्चाच्या चोपड्या काढल्या. सगळ्यात जुनी लाल बासनात बांधलेली, निम्मी मोडीत. पुढच्या बालबोध, त्याच्या पुढच्या शाळेच्या दोनशे पानी वह्या. कुणाची किती पायली ज्वारी, कुणाचा गुळाचा रवा, कंदिलाला किती घासलेट, बैलाच्या पत्र्यांना किती पैसे, सगळं मांडलेलं आहे.

त्यातल्या एका वहीत एक ओळ आहे : ‘तालुक्याच्या क्लबाकडून रुपये ५०१ जमा.’ आणि तिच्याच खाली दुसऱ्या शाईत : ‘सदर रक्कम परत केली. पावती घेतली.’ शंभर वर्षांत आपल्या दिंडीने परत केलेली आम्हाला सापडलेली ही एवढीच देणगी. अर्धा शेर मीठ परत केल्याची नोंद नाही, आणि त्या काळातले पाचशे एक रुपये परत! या ओळीचा माग काढायला बसलो आणि चार पानांचं काम वाढत गेलं. वाचक माउलींनी सांभाळून घ्यावं.

आधी आपल्याकडे पैसा कसा उभा राहायचा ते सांगतो, कारण नव्या पोरांना ते ठाऊक नाही. भिशी म्हटलं की आता बायकांची दर महिन्याची पैशांची भिशी डोळ्यांपुढे येते. दिंडीतली भिशी म्हणजे वाटेवरच्या जेवणाची सामाईक सोय. अक्षय्य तृतीया झाली की जाणती दोन-चार माणसं पोतं घेऊन गावोगाव फिरायची. ज्याला वारीला यायचं त्याने आपली भिशी भरायची, रोख जमली तर रोख, नाही तर धान्य. ज्याला यायला जमत नसे तो मूठभर का होईना घालायचा, म्हणजे त्याचे पाय घरी पण दाणे पंढरीला. विणेकरी आणि मृदंगवाले यांना भिशी माफ. एखादा अगदीच नडलेला असेल तर त्याचं नाव वहीत येई, पुढे रक्कम लिहिलेली नसे आणि कुणी विचारतही नसे. गोपाळपूरचा काला झाला की परतीच्या आदल्या रात्री सगळ्यांसमोर चोपडी वाचली जायची. उरलं तर पुढच्या सालाला, कमी पडलं तर तिथल्या तिथे टोपी फिरायची. मध्ये वर्षभर वद्य एकादशीचं भजन घरोघर फिरतं असे. ज्याच्या घरी भजन त्याच्या घरी चहा, आणि चहाबरोबर पुढच्या वारीची बोलणी.

सांगायचा मुद्दा, आपली दिंडी म्हणजे नुसती चालणारी रांग नव्हे. वर्गणी, हिशेब, कोठी, आजाऱ्याची व्यवस्था, आणि रोज संध्याकाळी ऐकायला कुणी ना कुणी कीर्तनकार, असा तो एक बांधलेला संसार होता. आम्ही क्लबाचं घटनापुस्तक पाहिलं तेव्हा हसू आलं. यातलं बरंचसं आपल्या घरचंच होतं, फक्त कोट घालून आलेलं.

त्या क्लबाचं नाव आम्ही इथे लिहीत नाही. त्यांचीच तशी इच्छा आहे, आणि ती का, ते पुढे कळेल. जातकुळी मात्र सांगायला हरकत नाही. असले सेवाभावी क्लब मुळात अमेरिकेतले. पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने शिकागो शहरात २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तीन स्नेह्यांना घेऊन पहिली बैठक केली. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत फिरायची, म्हणून नाव पडलं रोटरी, म्हणजे फिरती. आपल्या एकादशीच्या भजनासारखंच की! १९१७ साली त्याच शहरात मेल्विन जोन्स यांनी लायन्सची सुरुवात केली. (आळंदीला जोग महाराजांनी वारकरी शिक्षण संस्था काढली तीही १९१७ चीच.) रोटरी कलकत्त्याला १९१९ मध्ये आली, मुंबईला १९२९ मध्ये. लायन्स १९५६ साली भारतात आले. तालुक्याच्या गावांपर्यंत हे लोण पोचायला आणखी बरीच वर्षं लागली.

एक योगायोग लिहिल्यावाचून राहवत नाही. २३ फेब्रुवारी हा गाडगेबाबांचा जन्मदिवस, १८७६ चा, शेणगावचा. आणि ज्या फेब्रुवारी १९०५ मध्ये शिकागोत ती चार माणसं टेबलाभोवती बसली, त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला बाबा घरदार सोडून खापर आणि खराटा घेऊन बाहेर पडले होते. दोघांना एकमेकांची खबर असण्याचं काहीच कारण नव्हतं. पण पुढे आपल्या दिंडीत या दोन्ही वाटा एका खड्ड्यापाशी येऊन मिळाल्या. खड्डा हा शब्द आम्ही विचार करूनच लिहिला आहे.

तालुक्यात क्लब निघाला तो बहात्तरच्या दुष्काळानंतर. डॉक्टर, वकील, अडत दुकानदार, एक सिनेमा थिएटरचे मालक, साखर कारखान्यातले दोन अधिकारी, अशी मंडळी. आपल्या गावात क्लब या शब्दाला एकच अर्थ होता : पत्त्यांचा. तेव्हा ‘क्लबवाले दिंडीला भेटायला येणार आहेत’ असा निरोप आला तेव्हा थोरल्या विणेकरीबाबांनी विचारलं म्हणे, ‘तीन पानी का रमी?’ ही गोष्ट क्लबाच्या लोकांना पुढे कळली आणि त्यांनी ती इतक्या वेळा सांगितली की आता ती त्यांचीच झाली आहे.

पहिला संबंध आला तो नेत्रशिबिरातून. याच्याही मागे एक पाहुणी आहे. लायन्सच्या १९२५ सालच्या अधिवेशनात, ओहायो राज्यात, हेलन केलर बोलल्या. डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी ऐकू येत नाही अशी बाई, आणि तिने भरल्या सभेला घातलेलं गाऱ्हाणं एकच : अंधांसाठी तुम्ही उभे राहा. त्या एका भाषणाने जगभरच्या लायन्स मंडळींनी डोळ्यांचं काम आपलं मानलं. आमच्या आरंभीच्या चोपडीतही साधारण तोच काळ आहे. तिकडे सातासमुद्रापार एक आंधळी बाई बोलली, आणि पन्नासेक वर्षांनी आपल्या तालुक्याच्या हायस्कुलात बाकं जोडून मोतीबिंदूच्या खाटा तयार झाल्या. पुढे दुसऱ्या क्लबांनीही हे काम उचललं. बोलण्याचं बळ मोजायचं तर असं मोजावं.

तेव्हाचं ऑपरेशन आजच्यासारखं नव्हतं. दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही, खोकायचं नाही, दिवसचे दिवस उताणं पडून राहायचं. पट्टी सुटल्यावर बाटलीच्या बुडासारखा जाड भिंगांचा चष्मा. शिबिरासाठी क्लबवाल्यांनी पैसा उभा केला तोही त्यांच्या पद्धतीने. मुंबईच्या नाटक कंपनीचा प्रयोग लावला, घरोघर तिकिटं खपवली. शाळेच्या पोरांकडून रद्दी गोळा केली. थिएटरमालकांनी एका खेळाचं उत्पन्न दिलं. गावात काहींनी नाकं मुरडली, की नाटक-सिनेमाच्या पैशाने पुण्य कसलं. आमचं मत विचाराल तर दृष्टी आलेल्या म्हातारीने भिंगाला कधी विचारलं नाही की तू कुठल्या पैशाचं.

त्या पहिल्या शिबिरात आपल्या दिंडीतल्या सात-आठ जणी होत्या. तुळस डोक्यावर घेणाऱ्या एक आजी वर्षानुवर्षं पुढच्या बाईच्या पदराचं टोक धरून पंढरीपर्यंत चालत. पट्टी सुटली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आजी आता विठ्ठलाचं नाव घेतील. आजींनी आधी समोर उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अगंबाई, ही इतकी पांढरी कधी झाली? मला कुणी सांगितलं नाही.’ त्या सालच्या वारीत त्या चष्म्याला दोरी बांधून चालल्या. वाखरीच्या पुढे कळस दिसला तेव्हा रडल्या, हे खरं. पण वाटभर सुनेच्या हातातलं ओझं स्वतःकडे मागत होत्या, हे आम्हाला जास्त लक्षात आहे.

आता ५०१ रुपयांकडे येऊ. शिबिरानंतर दोन-तीन वर्षांनी क्लबाने आपल्या दिंडीला पाण्याच्या टाकीसाठी रक्कम दिली. कोठीवाल्यांनी ती घेतली, वहीत लिहिली. दुसऱ्या दिवशी क्लबाचा माणूस कापडी फलक घेऊन आला. निळ्या कापडावर सोनेरी अक्षरं, मध्ये त्यांचं चिन्ह, आणि दोन टोकांना बांबू. म्हणाला, दिंडीच्या पुढे दोघांनी हा धरायचा, पुण्यात फोटो काढणार आहेत. झालं. देवळात बैठक बसली ती मध्यरात्र उलटून गेली तरी उठेना.

थोरले विणेकरीबाबा म्हणाले, दिंडीच्या पुढे पताका चालते, तिच्यावर कुणाचं नाव नसतं. धाकट्या मंडळींचं म्हणणं वेगळं. त्यात शाळेत शिकवणारे एक मास्तर होते. ते म्हणाले, बाबा, हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास माउलींच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं तेव्हा अंकलीच्या शितोळे सरदारांनी घोडे दिले, तंबू दिला. आजही घोडे अंकलीहूनच येतात आणि सगळा महाराष्ट्र ‘शितोळ्यांचे घोडे’ असंच म्हणतो. त्यांचं नाव चालतं, मग डॉक्टर-वकिलांचं का नको? बाबांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, ‘शितोळ्यांचं नाव लोकांनी घेतलं. त्यांनी लिहून नाही पाठवलं.’

रक्कम परत गेली. आम्ही त्या बैठकीत कोपऱ्यात बसलेली पोरं होतो आणि आम्हाला बाबांचा केवढा अभिमान वाटला होता! आज वही समोर ठेवून लिहिताना तेवढा वाटत नाही. फलक नाकारला ते योग्यच झालं. पण पैसे परत करताना ‘फलक नको, टाकी द्या’ एवढे दोन शब्द बोलायला कुणी गेलं नाही. आपण मान राखला आणि त्या साली दिवे घाटात बायका हंड्यांनी पाणी वाहत राहिल्या. बैठकीत एकही बाई नव्हती. टाकीचं पाणी ज्यांना लागणार होतं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. हा दोष क्लबाचा नव्हे, आपला.

पुढे बरीच वर्षं दोन्हीकडे अबोला राहिला. क्लबाची शिबिरं, रक्तदान, शाळेला बाकं, गरीब पोरांना वह्या हे चालू होतं. आपली वारी चालू होती. अबोला मोडला तो क्लबाच्या नव्या अध्यक्षांमुळे. त्यांचे वडील एके काळी आपल्याच दिंडीत टाळ घेऊन चाललेले. ते एकटे आले, जमिनीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, ‘फलक आणलेला नाही. पैसेही आणलेले नाहीत. फलटणच्या मुक्कामी कीर्तनाच्या आधी आम्हाला दहा मिनिटं द्या. एक पाहुण्या बोलतील.’

क्लबात दर आठवड्याला कुणी ना कुणी पाहुणा बोलावण्याची पद्धत असते. शेतीतज्ज्ञ येतो, पोलीस अधिकारी येतो, डोंगर चढून आलेला पोरगा येतो. वीस मिनिटं बोलायचं, प्रश्न घ्यायचे, संपलं. त्यातच एकदा सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर बोलल्या होत्या, आणि जे बोलल्या ते क्लबाच्या सभागृहात बोलून उपयोग नाही, जिथलं आहे तिथे बोललं पाहिजे, असं अध्यक्षांना वाटलं. आपल्या मंडळींनी मान डोलावली. दहा मिनिटं काय, पाहुणी स्वच्छतेवर चार शब्द बोलेल, नारळ देऊ, असा सगळ्यांचा समज.

सिस्टर उभ्या राहिल्या. पांढरं लुगडं, हातात कागद नाही. त्यांनी पुरुषांकडे पाहिलंच नाही. तंबूच्या डाव्या अंगाला बसलेल्या बायकांना त्यांनी विचारलं, ‘पुण्याहून सासवडला आलात त्या दिवशी पाणी किती प्यालात?’ पुणे-सासवड म्हणजे वाटेतली सगळ्यात लांब चाल, मध्ये दिवे घाट, आणि तिथीप्रमाणे बहुधा एकादशीचा उपास. कुणी बोलेना. सिस्टर थांबून राहिल्या. शेवटी मागून एक आजी म्हणाल्या, ‘तांब्या भरून घेते बाई. तोंड धुते. पीत नाही.’

का पीत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही पडली नाही. लाखभर माणसांत, उघड्या माळावर, दिवसा बाईने जायचं कुठे? म्हणून तिन्हीसांजेपर्यंत घोटभरही पाणी नाही, आणि पहाटे तीनला कुणाला तरी सोबत घेऊन अंधारात बांधाच्या आड. सिस्टरनी मग सांगितलं की अशाने काय होतं. लघवीला जळजळ, ताप, मूतखडा, चालता चालता चक्कर. दरवर्षी वारीहून परतलेल्या किती बायका दवाखान्यात येतात आणि ‘उन्हाचा त्रास’ म्हणून गोळ्या घेऊन जातात. एवढं बोलून त्या खाली बसल्या. दहा मिनिटंही झाली नव्हती.

पुढे काय झालं ते समजायला समाजआरतीची रीत माहीत हवी. मुक्कामाच्या ठिकाणी पालखी पोचली की सगळ्या दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा एकच गजर चालू असतो. चोपदार दंड उंच करून आरोळी देतात आणि क्षणात सगळं शांत होतं. पण एखाद्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल तर ती टाळ थांबवत नाही. तो टाळ ऐकून चोपदार तिच्याकडे जातात, तक्रार ऐकून घेतात, मग पुढचं. लाखांच्या गर्दीत दाद मागण्याची इतकी सुरेख तऱ्हा आम्ही दुसरीकडे पाहिलेली नाही.

सिस्टर बसल्या आणि कीर्तनकार महाराज उभे राहायला लागले, तेव्हा बायकांच्या बाजूने टाळ वाजायला लागला. आधी एक, मग चार, मग कुणी तांब्यावर, कुणी हंड्यावर. आपल्याच तंबूत, आपल्याच मुक्कामावर, आपल्याच माणसांविरुद्ध. थोरले विणेकरीबाबा तोवर फार थकलेले होते. ते उठले, त्या बाजूला गेले आणि हात जोडून उभे राहिले. तेव्हा टाळ थांबला. त्या रात्रीचं कीर्तन तासभर उशिरा सुरू झालं.

काम साधं होतं. मुक्कामावर आधी पोचणाऱ्या ट्रकबरोबर कनाती, फळ्या आणि कुदळी पाठवायच्या, बायकांसाठी आड करून खड्डे घ्यायचे, शेजारी राख-मातीचा ढीग ठेवायचा, निघताना बुजवून जमीन सारखी करायची. आड उभारायला उत्साह पुष्कळ होता. बुजवायचं कोण, या प्रश्नावर मात्र पुन्हा बैठक अडली. गाडगेबाबांचं नाव घ्यायला सगळे पुढे. त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली डॉ. बाबासाहेबांच्या संस्थेच्या हाती ती सोपवली, हे कीर्तनात सांगताना आपले डोळे भरतात. कीर्तनाआधी ते गाव झाडत, हेही सांगतो. पण खराटा हातात घ्यायची वेळ आली तेव्हा जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहायला लागला. ‘मजूर लावू’ असाही सूर निघाला. कोणते मजूर, कोणत्या वस्तीवरचे, हे कुणी उघड बोललं नाही, पण सगळ्यांना कळत होतं. शंभर वर्षांच्या इतिहासात लिहिण्यासारखी आणि लपवण्यासारखी, दोन्ही असलेली ती घटका होती. आम्ही लिहितो आहोत.

क्लबाचे अध्यक्ष तिथेच होते. त्यांनी सांगितलं की शिकागोच्या त्या पहिल्या क्लबाने १९०७ साली पहिलं सार्वजनिक काम हाती घेतलं ते शहरात सार्वजनिक शौचालय बांधण्याचं. तेव्हा दारू गाळणाऱ्यांनी आणि मोठ्या दुकानदारांनी विरोध केला होता, कारण सोय हवी म्हणून माणूस त्यांच्याकडे शिरायचा आणि काहीतरी घेऊनच निघायचा. आम्हाला हे ऐकून गंमत वाटली. एवढे मोठे क्लब, जगभर पसरलेले, आणि मुहूर्त केला कशावर! अध्यक्ष पुढे म्हणाले, ‘आमचे पंधरा जण येतील. दोन-दोन दिवसांची पाळी लावू.’ मृदंगवाल्यांपैकी धाकट्याने विचारलं, ‘डॉक्टरसाहेब, तुम्ही बुजवणार आणि आम्ही मृदंग वाजवत पाहणार?’ पहिली पाळी त्यानेच घेतली. वीणा, मृदंग, टाळ, झेंडा, कोणाचीच पाळी चुकणार नाही असं ठरलं आणि वहीत लिहिलं गेलं. ती पाळीची यादी आजही निघते. भिशी माफ आहे, ही पाळी माफ नाही.

पैसाही लागलाच. क्लबाने आपल्या पद्धतीने नाटकाचा प्रयोग लावून आणला. आपल्या बायकांनी आपल्या पद्धतीने मूठ फिरवली, आणि गोष्ट अशी की मूठ फिरवताना त्यांनी ‘कशासाठी’ हे कुठल्याच दारात सांगितलं नाही, तरी बायकांना सगळीकडे कळलं. त्या वर्षीच्या वहीत पहिल्यांदा एका बाईचं अक्षर दिसतं. पुढच्या वर्षी तीच बाई हिशेबनीस झाली, त्यानंतर विश्वस्त मंडळात दोघी आल्या. यावरून क्लबवाल्यांना चिडवू नये, कारण ते याबाबतीत आपल्यापेक्षा पुढे नव्हते. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या रोटरी क्लबाने बायकांना सभासद करून घेतलं म्हणून वरच्यांनी त्या क्लबाची मान्यताच काढली. भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९८७ मध्ये निकाल बायकांच्या बाजूने लागला, आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभर नियम बदलला. तुळस घेऊन बायका आपल्यात पहिल्यापासून चालत आल्या, हे आपण मिरवतो. बैठकीत बसायला त्यांना आपल्याकडेही हंडा वाजवावा लागला.

नंतरची देवघेव मोकळी झाली. पोलिओच्या वेळी क्लबवाले आपल्याकडे आले. रोटरीने १९८५ पासून पोलिओविरुद्ध जगभर मोहीम धरली होती, आणि आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झाला. डोसाने पोरं बाधतात, वंश बुडतो, असल्या अफवा वस्त्यांवर होत्या. डॉक्टरांचं कुणी ऐकेना तिथे आपल्या कीर्तनकार महाराजांनी कीर्तनाच्या शेवटी स्वतःच्या नातवाला पुढे घेऊन थेंब पाजले. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्याला सापडला, २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचा दाखला मिळाला. त्या दाखल्यात आपल्या महाराजांचा वाटा किती, तर चार-पाच वस्त्यांचा. पण तेवढा आहे.

उपकाराची परतफेड म्हणून क्लबाने महाराजांना आठवड्याच्या सभेला पाहुणे म्हणून बोलावलं. वेळ वीस मिनिटं. महाराजांचं नमनच तेवढं. विसाव्या मिनिटाला टेबलावरची घंटा वाजली तेव्हा महाराजांना वाटलं आरती सुरू झाली, ते हात जोडून उभे राहिले. मग त्यांच्या पद्धतीने विनोदाने ‘दंड’ही झाला, कारण कोटाला बिल्ला नव्हता. महाराजांनी दंडाचे दहा रुपये भरले आणि म्हणाले, ‘आमच्याकडे या, तुमच्या गळ्यात माळ नाही, मी काही दंड घेणार नाही.’ सभेत हशा झाला. पण त्यानंतर दोन वर्षांत क्लबाच्या तिघांनी माळ घातली, हेही खरं. महाराजांना मिळालेली काचेची स्मृतिभेट अजून त्यांच्या घरी शोकेसमध्ये आहे. तिच्यावर क्लबाचं नाव आहे. दिंडीच्या एकाही वस्तूवर नाही. टाकी आली, औषधांची पेटी आली, दोन मोठ्या कनाती आल्या, सगळ्यांवर पाटी कोरी. या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीत नाव घालू का, असं आम्ही अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, ‘पाचशे एक रुपये परत आल्याची पावती आमच्या कार्यालयात काचेत लावली आहे. तेवढं पुरे.’

अलीकडे सरकारची फिरती शौचालयं पालखीमार्गावर उभी राहतात, त्यामुळे खड्ड्यांचं काम पुष्कळ हलकं झालं आहे. बंद झालेलं नाही. वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात तिथे रांगा लागतात, पाणी संपतं, दारं मोडतात, आणि आजही काही जणी तांब्या भरून नुसतं तोंड धुतात. हिशेबनीसबाईंनी यंदा मुक्कामाच्या ट्रकमध्ये चार फळ्या आणि दोन कनाती जास्त चढवायला सांगितल्या आहेत. पाळीची यादी मठाच्या दारावर लावली आहे. हा लेख लिहिणाऱ्यांची पाळी नातेपुते आणि माळशिरसला आहे.